गाठोडं कोरडं राहावं म्हणून

समज, तू एका रस्त्यावर उभा आहेस. किंवा उभी आहेस; रस्त्याला त्याचं काही नाही. रस्ता अगदी चिंचोळा आहे. उजवीकडे पाववाल्याचं दुकान, त्याला लागून न्हाव्याचं. डावीकडे शिंप्याचं दुकान, त्याला दगडी पायऱ्या. रस्ता संपतो तिथे समुद्र. छान ऊन पडलंय. आणि आता बघ, त्या समुद्राचं पाणी रस्त्यावर येतंय. घोट्यापर्यंत आलं. गुडघ्यापर्यंत आलं. पाववाल्याची टोपली तरंगत तुझ्या नाकासमोरून गेली, त्यातला एक पाव अजून कोरडा आहे.

आता खरं खरं सांग, तू काय करशील?

मोठ्या माणसांना वाटतं, तू घाबरशील. पण पाणी नुसतं दिसतंय आणि पायाला ओलं लागतच नाही, असं असलं तर? तर तू हसशील. पायजमा वर ओढून नाचशील. लाजू नकोस, मीही नाचलो असतो. ज्या वर्गाची ही गोष्ट आहे, तो अख्खा वर्ग नाचला होता.

त्या दिवशी पहिली घंटा व्हायच्या आत शाळेत एक पेटी आली. काळी, चाकं लावलेली, एवढी जड की जिन्यावरून चढवताना प्रत्येक पायरीवर ठण् करून आपटायची. पेटीमागून एक ठेंगण्याशा काकू आल्या. त्यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता आणि त्यांना चांगलाच दम लागला होता. या शाळेतून त्या शाळेत ती पेटी घेऊन फिरायचं, हीच त्यांची नोकरी. मुलांनी त्यांचं नाव लगेच पेटीकाकू ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मागच्या शाळेत मला ‘खोकेबाई’ म्हणत होते. त्यापेक्षा हे बरं आहे.”

पेटीत सहा व्हीआर चष्मे होते. चष्मा आपला म्हणायचा. दिसायला तो पोहायच्या चष्म्याला सूज आल्यासारखा दिसतो. पण डोळ्यांवर चढवला की वर्ग नाहीसा होतो आणि तुम्ही दुसऱ्याच जागी असता. मान वळवाल तिकडे ती जागा दिसते. वर बघितलं तर आभाळ, मागे बघितलं तर मागचं घर.

वर्गाच्या बाईंनी आधी आठवडाभर फळ्यावर हवामानबदल शिकवला होता. आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, त्यातून निघालेल्या वायूंचं पृथ्वीभोवती पांघरूण जाड होत जातं, ऊब आत अडकते, डोंगरांवरचं बर्फ वितळतं, समुद्राचं पाणी तापून फुगतं आणि चढायला लागतं. मुलांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि वही मिटल्यावर तेही वहीतच राहिलं. बाईंना हे कळत होतं. म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून लागून ही पेटी दोन दिवसांसाठी मागवली होती.

बाकं भिंतीशी सरकवली. फरशीवर चिकटपट्टीचे सहा गोल आखले. पेटीकाकूंनी नियम सांगितले.

“एका वेळी सहा जण. प्रत्येकानं आपापल्या गोलात उभं राहायचं. प्रत्येकाला एक सोबती. सोबत्यानं चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याला भिंतीवर आपटू द्यायचं नाही. समोरच्या पडद्यावर बाकीच्यांना दिसेल, पण एकाच चष्म्यातलं.”

“आणि करायचं काय, काकू?”

“तुमच्या उजव्या हाताशी एक दांडा दिसेल. तो खरा नसतो, हवेतच मूठ आवळून धरायचा. एकाकडे कारखान्यांचा, एकाकडे गाड्यांचा, मग वीज, शेतं, घरं, जंगलं. दांडा वर असेल तर जग आत्ता चाललंय तसंच चालेल. खाली ओढलात तर धूर कमी, झाडं जास्त. हात सोडला की दांडा आपोआप वर जातो.”

“असं का?”

“ज्यांनी बनवला त्यांना विचार. मी पेटी ओढते.”

“आणि कधी ओढायचा?”

यावर पेटीकाकूंनी बाईंकडे बघितलं, बाईंनी पेटीकाकूंकडे. दोघींचं आधीच ठरलं होतं. “ते तुमचं तुम्ही बघायचं,” बाई म्हणाल्या. “आम्ही एक अक्षर सांगणार नाही.”

पहिल्या सहांत भोंगा होता. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यांत मोठा आवाज. त्याची जुळी बहीण मुंगी त्याच्याहून थोड्याच मिनिटांनी धाकटी, पण उंचीनं त्याच्या खांद्याला लागणारी. जुळे असल्यामुळे त्यांना कायम एकत्र बसवायचे, एकत्र उभं करायचे, एकत्र शिक्षा द्यायचे. त्यामुळे भोंग्याची सोबती मुंगीच.

खेळ सुरू झाला. डोक्यावरच्या आभाळात साल दिसत होतं आणि ते भराभर पुढे पळत होतं. दांड्यांकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. रस्ता बघण्यातच सगळे गुंग. शेवटी शेवटी आभाळ काळं झालं, वादळ उठलं, आणि चढून बसलेला समुद्र रस्त्यावर घुसला.

“आलं! आलं! पाणी आलं!” भोंगा असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे गणिताचे सर वर येऊन बघून गेले. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. मग त्याला शिंप्याच्या पायऱ्या दिसल्या, म्हणून तो पायरी चढायला गेला. पायरी तिथे नव्हती. होती ती मुंगी. दोघंही फरशीवर.

“अरे माठ्या, माझ्या पायावर पडलास!”

“पाणी बघ ना केवढं आलंय!”

“मला कुठलं दिसतंय पाणी? मला तुझी ढोपरं दिसतायत!”

चष्मे निघाले तेव्हा सहाही चेहरे जत्रेतून आल्यासारखे होते. “पुन्हा! पुन्हा बुडवा!” ते ओरडत होते, आणि ज्यांची पाळी यायची होती ते त्याहून मोठ्यानं ओरडत होते, “आता आमचं बुडवा!”

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पेटीकाकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “धीर धरा. सगळीकडे असंच होतं.”

मुंगीची पाळी आली. तिच्या वाट्याला घरांचा दांडा आला. तीही आधी पाववाला बघत बसली, मग न्हावी. मग तिनं डावीकडे मान वळवली, आणि तिला तो दिसला.

शिंप्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर एक कुत्रा झोपला होता. मातकट रंगाचा, अंगाचं वेटोळं करून, शेपूट नाकावर घेऊन. जुन्या कपड्यांचं गाठोडं कोणी तरी विसरून गेलंय असं वाटावं. मुंगीनं त्याचं नाव तिथल्या तिथे गाठोडं ठेवलं.

मग वादळ आलं. बाकीचे पाच जण पाणी बघून किंचाळत होते. मुंगी गाठोड्याकडे बघत होती. पाणी लागल्यावर ते दचकून उठलं. वरच्या पायरीवर गेलं. तिथेही पाणी आलं. दारापाशी गेलं, दार बंद. मग दाराजवळच्या खोक्यावर, खोक्यावरून दुकानाच्या छपरावर. छपराच्या टोकावर उभं राहून त्यानं इकडे तिकडे बघितलं, आणि त्याच क्षणी चित्र काळं झालं. ‘समाप्त.’

मुंगीनं चष्मा काढला. “काकू, मग त्या कुत्र्याचं काय झालं?”

“कुठल्या कुत्र्याचं?” पेटीकाकूंनी विचारलं.

त्यांनी ती पेटी किती शाळांत नेली होती, किती वेळा तो रस्ता बुडताना बघितला होता! पण कुत्रा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. चित्र काढणाऱ्या कोणी तरी, रस्ता रिकामा दिसू नये म्हणून, एका कोपऱ्यात तो झोपवून ठेवला असणार.

“ए मुंगे,” भोंगा म्हणाला, “तो खोटा कुत्रा आहे. चित्रातला.”

“पाणीपण खोटंच होतं. तू का पँट वर केलीस?”

वर्ग हसला. भोंग्यानं पँटचे दुमडलेले पाय खाली सोडले. “आणि एवढी वर्षं जातात त्यात. कुत्रा एवढी वर्षं जगतो होय?”

“त्याची पणतवंडं असतील. सारखीच दिसतात.”



प्रत्येक गटाला दुसरी संधी होती. मुंगीच्या गटानं या वेळी दांडे ओढायचं ठरवलं. पाणी रस्त्यावर आलं रे आलं की सहाही जणांनी जोर लावून दांडे खाली ओढले. पाणी चढतच राहिलं. गाठोडं पुन्हा छपरावर गेलं.

“काकू, दांडे बिघडलेत!”

“बिघडलेले नाहीत,” पेटीकाकू म्हणाल्या, आणि पुढे बोलायचा मोह आवरण्यासाठी त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

खरी गंमत झाली ती पेंगुळच्या गटात. पेंगुळ हा मुलगा कुठेही, कशाला टेकूनही झोपू शकायचा. मुंगी आता त्याची सोबती होती, कारण त्याचा सोबती पोट दुखतं म्हणून घरी गेला होता. पेंगुळचा चष्मा सैल होता, सारखा नाकावर घसरायचा. एका हातानं चष्मा धरायचा तर तोल जाणार, म्हणून दुसऱ्या हातानं त्यानं सुरुवातीलाच काही तरी घट्ट धरलं. तो दांडा होता, विजेचा; हाताच्या भारानं तो खाली आला. मूठ तशीच खाली ठेवून तो आरामात मुंगीवर रेलला आणि त्यानं बहुधा डुलकीही काढली.

नेमका पडद्यावर पेंगुळचाच चष्मा दिसत होता. वादळ आलं तशी मुंगी त्याच्या कानात म्हणाली, “मान डावीकडे कर.”

“हं?”

“डावीकडे!” पेंगुळ हलेना. शेवटी मुंगीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि नळ फिरवावा तसं फिरवलं.

गाठोडं उठलं, पायऱ्या चढलं, खोक्यावर गेलं, आणि तिथेच थांबलं. छपरावर जावं लागलंच नाही. पाणी खोक्याच्या खालीच राहिलं होतं.

मुंगी एवढी जोरात “थांबलं!” म्हणाली की पेंगुळ जागा झाला. “शाळा सुटली?” त्यानं विचारलं.

दिवसभर मग मुंगी गप्प होती. संध्याकाळी घरी आल्यावरही गप्प. भोंगा मात्र तिची भरपाई करत होता. न्हाणीघरात बादली उपडी करून तो बाबांना पूर कसा आला ते दाखवत होता.

“दाखवलंस तेवढं पुरे!” बाबा ओरडले. “आता फडकं घे आणि पूर कसा ओसरला तेही दाखव.”

आई तेवढ्यात कामावरून आली. ती शहरातली बस चालवायची. तिनं बूट काढले, खुर्चीत बसली आणि मुंगीकडे बघितलं. “हिला काय झालंय?”

“तिचा कुत्रा बुडाला,” भोंगा न्हाणीघरातून म्हणाला.

“कुत्रा? आपल्याकडे कुठे कुत्रा आहे?”

“खोटा आहे गं आई. चष्म्यातला.”

“बुडाला नाही,” मुंगी म्हणाली. “पुढचं दाखवतच नाहीत.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. पेंगुळनं एकट्यानं, तेही झोपेत, सुरुवातीपासून दांडा धरला तर पाणी एवढं खाली राहिलं. सहा जणांनी धरला तर? “पाणी आल्यावर ओढून काही होत नाही. आधीच ओढायला हवा. ऊन असतं ना, पाववाला पाव विकत असतो, तेव्हाच. उद्या शेवटची फेरी आहे, मग पेटी जाणार. भोंग्या, तू सांग ना सगळ्यांना. तुझं ऐकतात.”

“म्हणजे पाणी येणारच नाही?”

“नाही येणार.”

“मग बघायचं काय?” भोंगा फडकं घेऊन दारात उभा राहिला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. “नुसता पाववाला? त्यात काय मजा? काही व्हायला नको?”

आईला हसू आलं. “तू रोज मला विचारतोस ना, आज काय झालं म्हणून? मी काय सांगते?”

“तू? तू रोज एकच सांगतेस. काही नाही झालं.”

“ते ‘काही नाही’ व्हावं म्हणून मी दिवसभर खपते, राजा. एक दिवस बसमध्ये ‘काही तरी’ झालं तर तुला चालेल का?”

भोंगा फरशी पुसायला वळला. त्या रात्री त्यानं दुसरी बादली उपडी केली नाही, हे बाबांनी आवर्जून लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेवटच्या फेरीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यांना पुन्हा जायचं होतं. मुंगीनं डोळे घट्ट मिटून चिठ्ठी उचलली. कोरी. तिनं ती उलटी करून बघितली. मागेही कोरी. भोंग्याच्या चिठ्ठीवर ‘कारखाने’ लिहिलं होतं. पेंगुळला पुन्हा वीजच आली. जंगलं आली मोजपट्टीला. ती वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी आणि तिला सगळं नेमकं लागायचं.

म्हणजे आता गाठोडं मुंगीच्या हातात नव्हतं. दुसऱ्या सहा जणांच्या हातात होतं, आणि त्यातल्या एकालाही ते फारसं आठवतही नव्हतं.

चष्मे पुसून होईपर्यंत थोडा वेळ होता. मुंगी एकेका गोलापाशी गेली.

“सुरुवातीलाच ओढ. आणि सोडू नकोस.”

“पण सुरुवातीला तर काही होतच नाही,” मोजपट्टी म्हणाली.

“म्हणूनच.”

“किती वेळ धरायचा?”

“संपेपर्यंत.”

“हात दुखेल.”

“दुखेल,” मुंगी म्हणाली. खोटं सांगून काय उपयोग? “पण गाठोडं छपरावर जाणार नाही. तुला बघायचंय ना, कुठपर्यंत पाणी कमी होतं ते? कोणी मोजलेलंच नाही अजून.”

मोजपट्टीचे डोळे चमकले. “बरं,” ती म्हणाली.

पेंगुळला समजवावं लागलंच नाही. “धरून पेंगायचं ना? तेच करणार होतो.” बाकीचे तिघं कुरकुरले, पण मोजपट्टी हो म्हणाली म्हणून तेही हो म्हणाले. शेवटी भोंगा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मुंगी उभी राहिली आणि तिनं काहीच सांगितलं नाही. काल रात्री सगळं सांगून झालं होतं.

भोंग्यानं चष्मा चढवला. “डावीकडे कुठे?” त्यानं विचारलं. “तुझं ते बोचकं?”

“गाठोडं. शिंप्याच्या पायरीवर.”

“हां. दिसलं. घोरतंय बहुतेक.” आणि त्यानं दांडा खाली ओढला.

पडद्यावर या वेळी मोजपट्टीच्या चष्म्यातलं दिसत होतं, आणि मोजपट्टी समुद्राकडे टक लावून बघत होती. त्यामुळे गाठोड्याची बातमी फक्त भोंग्याकडून यायची होती.

वर्षं पळू लागली. रस्त्यावर ऊन होतं. आणि काहीही झालं नाही.

“पाववाला पाव विकतोय,” भोंग्यानं जाहीर केलं. “न्हाव्यानं एकाची दाढी केली. आता दुसऱ्याची करतोय. बोचकं, म्हणजे गाठोडं, झोपलंय.” वर्ग हसला. “पाववाला पाव विकतोय. काय तरी खास चाललंय बुवा इथे! गाठोड्यानं कूस बदलली.”

थोड्या वेळानं त्याचा आवाज बदलला. “मुंगे, हात गळून पडतोय माझा.”

हवेत हात धरून उभं राहून बघ एकदा. आत्ताच बघ. सुरुवातीला काहीच वाटत नाही, आणि मग असं वाटतं की मनगटाला कोणी विटा बांधल्यात. सहाही जणांचे हात थरथरायला लागले होते. गाड्यांच्या दांड्यावरचा मुलगा तर सोडायच्याच बेतात होता.

मुंगी भोंग्याच्या पुढे गेली, वळली आणि तिनं आपला खांदा त्याच्या कोपराखाली लावला. तिची उंची त्या दिवशी पहिल्यांदा अगदी बरोबर ठरली.

“टेकव,” ती म्हणाली.

“आईशप्पथ,” भोंगा म्हणाला. “हे बरंय.”

बाकीच्या सोबत्यांनी ते बघितलं आणि तेही आपापल्या चष्मेवाल्याच्या कोपराखाली घुसले. मोजपट्टीच्या सोबत्याचा हात पुरेना, तेव्हा दोघंजण धावत खुर्ची घेऊन आले आणि त्यानं खुर्चीवर चढून तिचं मनगट धरलं. पेंगुळनं तर आपल्या सोबत्यावर सगळंच अंग टाकलं. ज्यांना काही काम नव्हतं ते थकलेल्या सोबत्यांना टेकू द्यायला उभे राहिले. बघता बघता सगळा वर्ग एकमेकांना टेकून उभा होता. बाई खिडकीपासून कधी पुढे आल्या ते त्यांनाही कळलं नाही. गाड्यांच्या दांड्यावरच्या मुलाचं कोपर आता त्यांच्या हातात होतं.

आभाळ काळं झालं.

“वादळ!” भोंगा ओरडला. “आलं!”

पडद्यावर समुद्र रस्त्यात शिरला. पाववाल्याच्या दारापाशी आला.

“आलंच की!” मोजपट्टी रडवेली झाली. “एवढं धरून ठेवलं तरी आलंच! काही उपयोग नाही झाला. सोडते मी.”

“सोडू नकोस!” मुंगी किंचाळली. एवढ्याशा मुलीचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता, भोंगाही दचकला. “अजून संपलं नाही! सोडू नका कोणी!”

“सोडू नका! सोडू नका!” मागची मुलं ओरडायला लागली.

“भोंग्या, गाठोडं?”

“उठलं... पाय ओला झालाय. झटकतंय. एक पायरी वर गेलं...” भोंगा थांबला.

“पुढे?”

“पाणी पायरीला लागलंय.”

“पुढे, भोंग्या!”

“थांब ना, बघतोय! पाणी... पाणी तिथंच आहे. चढत नाहीये. मुंगे, चढत नाहीये! खालीच जातंय! गाठोडं वास घेतंय पाण्याचा. त्याला पटलं नाही. गोल फिरतंय. बसलं! झोपलं परत! एवढं मोठं वादळ झालं आणि ते झोपलंसुद्धा!”

वर्गात जो गलका झाला, तो ऐकून गणिताचे सर पुन्हा वर आले आणि या वेळी टाळ्या वाजवून गेले. कशाबद्दल, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चित्र काळं झालं नाही. ‘समाप्त’ही आलं नाही. रस्त्यावर पुन्हा ऊन पडलं, पाववाल्यानं दुकानासमोरचा चिखल झाडून काढला आणि न्हाव्यानं खुर्ची बाहेर आणली. पेटीकाकू पडद्याजवळ जाऊन बघत होत्या. “हे एवढं पुढचं मी कधी बघितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“पण काकू, थोडं का होईना, पाणी आलंच कसं?” मोजपट्टीनं विचारलं. तिला ते सलत होतं.

आता सांगायला हरकत नव्हती. “खेळ सुरू व्हायच्या आधी जो धूर होऊन गेला होता ना, त्याची ऊब समुद्रात मुरलेली असते. तेवढं पाणी येणारच होतं,” पेटीकाकू म्हणाल्या. “त्याच्या पुढचं तुम्ही येऊ दिलं नाहीत.”

बाईंनी फळ्यावरचा आठवडाभराचा धडा तसाच ठेवला होता, त्याकडे बघून त्या नुसत्या हसल्या.

भोंग्यानं मात्र अजून चष्मा काढला नव्हता. उजवा हात तसाच दांड्यावर ठेवून त्यानं डाव्या हातानं चष्मा ओढून काढला आणि मुंगीच्या डोक्यात घातला, जरा उलटाच. “घे. लवकर. मी हात धरलाय तोवर बघून घे.”

मुंगीनं चष्मा सरळ केला आणि डावीकडे वळली. मग ती फरशीवर उकिडवी बसली, आणि सगळ्या वर्गासमोर तिनं रिकाम्या हवेत हात पुढे करून, काहीच नव्हतं तिथे, हळूच गाठोड्याचा कान खाजवला. कोणी हसलं नाही. उलट, मागे रांग लागली.

रांग संपेस्तोवर पेटीकाकूंची गाडी अर्ध्या तासाचा उशीर सोसत खाली उभी होती. शेवटी चष्मे पेटीत गेले आणि मुंगी झाकण लावायला मदत करायला आली.

“काकू, आता ही पेटी कुठे जाणार?”

“पुढच्या शाळेत. उद्या सकाळी.”

“आणि गाठोडं? ते उद्या कुठे असेल?”

“खेळ पहिल्यापासून सुरू होतो गं. खालच्या पायरीवरच असेल.”

“म्हणजे त्यांनी दांडे ओढले नाहीत तर ते पुन्हा छपरावर जाणार?”

“जाईल.”

“मग तुम्ही सांगा ना त्यांना आधीच.”

“दांड्याचं सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे. मुलांना आपलं आपण कळलं पाहिजे. तुम्हाला कळलं की नाही?”

मुंगीनं विचार केला. नियम बरोबर होता, हे तिलाही पटत होतं. पण गाठोडं उद्या सकाळी खालच्या पायरीवर असणार होतं, हेही खरं होतं.

“दांड्याचं नको,” ती म्हणाली. “कुत्र्याचं सांगितलं तर चालेल? नुसतं, तो आहे म्हणून?”

पेटीकाकू हसल्या आणि त्यांनी पेटीचं झाकण तिच्याकडे वळवलं.

मुंगीनं दप्तरातून पांढरा खडू काढला. काळ्या झाकणाच्या आतल्या बाजूला, चष्मे उचलताना दिसेल अशा जागी, तिनं एक झोपलेला कुत्रा काढला, नाकावर शेपूट घेतलेला. त्याच्या शेजारी डावीकडे जाणारा एक बाण काढला. मग तिनं भोंग्याला जिन्यावरून हाक मारली, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी पेटी उचलून, एकही पायरी न आपटता, खाली गाडीपर्यंत नेली.